काचेच्या समुद्राखालची बोट (ब्रिस्टलची 'ग्रेट ब्रिटन')

सुकाणू (धागालेखक)

आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे कार्डिफला आली आहे. पाऊस थांबेल तेव्हा बाहेर पडायचं, असा आमचा कार्यक्रम असल्यामुळे बाहेर पडणं फारसं होत नाही. मागच्या शनिवारी उघडीप मिळाली तशी तिला ब्रिस्टलला 'एसएस ग्रेट ब्रिटन' बघायला घेऊन गेलो. तिकीट काढताना नेहमीचं झालंच. "बोट बघायला पैसे? भाऊच्या धक्क्यावर उभं राहा, हव्या तेवढ्या दिसतात."

लांबून बघितलं तर काळी-पांढरी बोट पाण्यात तरंगतेय असंच वाटतं. सहा डोलकाठ्या, मधे एक धुराडं, बाजूला तोफांच्या खिडक्या. या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या, आत तोफ एकही नाही. जवळ गेल्यावर कळतं की पाणी म्हणजे काचेवर सोडलेला पातळसा थर आहे. बोट उभी आहे कोरड्या गोदीत, आणि पाणरेषेच्या उंचीवर तिच्या चारी बाजूंनी काचेचं छत घातलंय. जिना उतरून काचेखाली गेलं की डोक्यावर पाणी हलत असतं, त्याच्या सावल्या लोखंडावर फिरत असतात, आणि आपण बोटीच्या बुडाशी उभे असतो.

सगळ्यात जास्त वेळ मी तिथेच होतो. वरून नवरीसारखी नटलेली बोट खालून बघवत नाही. पत्रे पापुद्रे सुटून पातळ झालेत, कुठे कुठे जाळीदार. रिव्हेटांच्या रांगा मात्र अजून मोजता येतात. लांबलचक नळ्यांमधून सतत कोरडी हवा सोडलेली असते. पाच मिनिटांत ओठ सुकायला लागले. आई इकडे तिकडे बघत म्हणाली, "अरे, इथे कुरडया घातल्या तर दोन तासांत वाळतील."

थोडा इतिहास. इसम्बार्ड ब्रुनेल हा रेल्वे, पूल, बोगदे असलं सगळं बांधणारा अवलिया. १८३९ साली ब्रिस्टलमधे ह्या बोटीचं काम सुरू झालं. आधीचा बेत लाकडी बोटीचा होता, बाजूला मोठी चाकं लावलेली. मग एक लोखंडी बोट बघितली आणि लाकूड रद्द झालं. नंतर पाण्याखाली पंखा असलेली 'आर्किमिडीज' बघितली, तर चाकंही रद्द, आणि तेसुद्धा इंजिनाचं काम चालू झालेलं असताना. कंपनीच्या भागधारकांचं काय होत असेल, कल्पना करा. पण त्यामुळेच लोखंडी अंग आणि पंखा ही जोडी घेऊन अटलांटिक पार करणारी पहिली मोठी प्रवासी बोट तयार झाली. लांबी ३२२ फूट, त्या काळी जगात सगळ्यात मोठी.

१९ जुलै १८४३ ला जलावतरणाला राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट आला होता. बाटली फोडायचा मान ज्या बाईंचा होता त्यांचा नेम चुकला, कारण बोट आधीच हलली होती. शेवटी अल्बर्टने दुसरी बाटली उचलून भिरकावली. मग लक्षात आलं की बोट इतकी मोठी झालीय की बंदराच्या दरवाजातून बाहेरच निघत नाही! खोलीत सुताराकडून पलंग बनवून घ्यावा आणि तो दारातून बाहेर निघू नये, तसं. दरवाजाचे दगड काढून बोट बाहेर पडेपर्यंत १८४४ चा डिसेंबर उजाडला.

जुलै १८४५ मधे लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला पहिली फेरी, जवळपास पंधरा दिवसांची. जागा ३६० प्रवाशांची, पण पन्नाससुद्धा आले नाहीत. लोखंड तरंगतं यावर लोकांचा विश्वास नसावा. वर्षभराने आयर्लंडच्या डंड्रम खाडीत वाळूत रुतली ती अकरा महिने. कंपनी बुडाली. बोट मात्र बुडाली नाही. सव्वा लाख पौंडांच्या आसपास खर्च केलेली ही बोट २५,००० ला विकली गेली.

तिचे खरे दिवस पुढे आले. ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं आणि १८५२ पासून ती मेलबर्नच्या फेऱ्या करायला लागली. इंग्लंडचा पहिला क्रिकेट संघ १८६१ मधे ऑस्ट्रेलियाला गेला तो हिच्यातूनच. अशी बरीच वर्षं गेली. मग इंजिन काढून नुसत्या शिडांवर कोळसा वाहायला लावली. १८८६ मधे केप हॉर्नच्या वादळात मार खाऊन ती फॉकलंड बेटांवर कशीबशी पोचली आणि तिथे लोकर न् कोळसा साठवायचं गोदाम झाली. १९३७ मधे तेही जमेना, तेव्हा एका निर्जन खाडीत नेऊन बुडाला भोकं पाडून सोडून दिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १९६७ मधे इवन कॉर्लेट नावाच्या जहाज अभियंत्याने 'टाइम्स'ला पत्र लिहिलं की ही बोट वाचवली पाहिजे. जॅक हेवर्ड या धनिकाने पैसे दिले. १९७० मधे माणसं तिथे गेली तर उजव्या कुशीला वरपासून खालपर्यंत मोठी चीर. ती कशाने बुजवली असेल? गाद्यांनी! स्टॅनली गावातल्या लोकांनी घरातल्या जुन्या गाद्या दिल्या, त्या चिरेत कोंबल्या, पाणी उपसलं. मग एक भलामोठा तराफा पाण्याखाली बुडवून बोट त्याच्यावर आणली आणि तराफ्यातलं पाणी काढून दोघांनाही वर उचललं. तिथून अटलांटिकच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत ओढत आणली.

एव्हन नदीतून ती ब्रिस्टलला येताना ब्रुनेलनेच आखलेल्या क्लिफ्टनच्या झुलत्या पुलाखालून गेली. बोटीने गाव सोडलं तेव्हा हा पूल अर्धवट होता, तो पुरा होईपर्यंत ब्रुनेल वारलेला. म्हणजे त्याची बोट त्याच्या पुऱ्या झालेल्या पुलाखालून पहिल्यांदा गेली ती १९७० मधे, गंजलेली, पण तराफ्यावरून उतरून स्वतः तरंगत. आणि १९ जुलैलाच, १२७ वर्षांनी, जिथे बांधली त्याच गोदीत शिरली. फोटोत काठावर माणसांची गर्दी आहे. ते बघताना मला उगाचच भरून आलं.

प्रश्न एकच. खालच्या कोरड्या हवेचं शास्त्र काय आहे? फलक वाचला, पण लक्ष आईच्या कुरडयांत होतं. जाणकारांनी सांगावं.

---

तिखटमीठ

मस्त धागा. पलंगाचं उदाहरण आमच्या घरात प्रत्यक्ष घडलेलं आहे. शेवटी खिडकीचा गज कापला.

---

गंजोबा

आयडीवरून कळलंच असेल, गंज हा माझा धंदा. बत्तीस वर्षं रसायन कारखान्यांतल्या टाक्या आणि पाइप बघण्यात गेली.

कोकणात किनाऱ्याजवळच्या घराचे खिडकीचे गज बघा. खरवडून, प्रायमर मारून, दोन हात ऑइलपेंट दिला तरी पुढच्या पावसाळ्यात फोड येतात. कारण खारं वारं. मिठातलं क्लोराइड लोखंडाच्या गंजात जाऊन बसतं, वरून धुवून निघत नाही. या बोटीने तर जन्मभर समुद्र अंगावर घेतला आणि शेवटची तेहतीस वर्षं भोकं पडलेल्या अवस्थेत खाऱ्या पाण्यात काढली. क्लोराइड पत्र्यात अगदी खोल मुरलेलं असणार.

आता पावसाळ्यात मिठाच्या बरणीत काय होतं? मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, ओलं होतं. इथेही तेच. लोखंडाची ही क्लोराइडं हवेतली वाफ ओढतात, त्या ओलीत लोखंड विरघळतं, नवा गंज होतो, आणि क्लोराइड परत मोकळं होऊन पुढचं लोखंड खायला तयार! ते खर्चच होत नाही, व्याजावर जगणाऱ्या सावकारासारखं. मीठ काढता येत नसेल तर पाणी तोडायचं, एवढाच उपाय उरतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण २० टक्क्यांच्या खाली ठेवली की ही क्रिया जवळजवळ थांबते. ब्रिस्टलची बाहेरची हवा सरासरी ८० च्या आसपास. म्हणून काचेचं झाकण आणि खाली वाळवणयंत्रं. २००५ पासून हे असं चालू आहे. ती काच म्हणजे बरणीचं झाकण आहे हो, समुद्राचा देखावा हा वरचा बोनस.

एक लक्षात घ्या, गंज गेलेला नाही, थांबवलेला आहे. यंत्रं बंद पडली की तो पुन्हा कामाला लागेल.

---

तिखटमीठ

म्हणजे बरणीत तांदळाचे दाणे टाकतो तसं?

---

गंजोबा

तांदूळ बिचारा फार कमी ओढतो. पण भावना पोचल्या.

---

बोरीबंदर१९

छान लिहिलंय, पण वाचताना घशात काहीतरी अडकलं. मी सहावीत असताना शाळेच्या सहलीत 'विक्रांत' ही आपली जुनी विमानवाहू युद्धनौका बघितली होती. कफ परेडला उभी असायची, संग्रहालय केलेली. हँगरमधे विमानं, हेलिकॉप्टर होती. जिने इतके उभे की आमच्या बाई मधेच थांबून म्हणाल्या, "तुम्ही जा रे पुढे." डेकवर वारा असा की एकाची टोपी गेली ती गेलीच. इतकी मोठी वस्तू माणसांनी बनवलीय, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

१९६१ मधे नौदलात आली, १९७१ मधे लढली, १९९७ मधे निवृत्त झाली. २०१२ मधे सुरक्षिततेच्या कारणावरून लोकांना बंद केली, २०१४ मधे लिलाव झाला आणि मुंबईतच दारूखान्याला, जहाजं तोडतात तिथे, तोडली. तोडण्याचं काम चालू असताना मी एकदा रे रोडच्या बाजूने मुद्दाम गेलो होतो. फार काही दिसलं नाही. नाकात गॅसकटरचा वास मात्र बसला. पुढे तिच्या लोखंडातून मोटरसायकली निघाल्या, आमच्या सोसायटीत एकाने घेतली. तो टाकीवर हात मारून "विक्रांत आहे ही" म्हणतो. मला बोलवत नाही त्याच्याशी.

फॉकलंडमधून भोकं पडलेली बोट आणता येते, आणि आपल्या दारात उभी असलेली...

---

साधाभोळा

झालं. आता या धाग्याचं काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

गंजोबा

@बोरीबंदर१९, दुःख मान्य. पण एक फरक बघा. ही बोट पाण्याबाहेर आहे. विक्रांत पाण्यात उभी होती, आणि पाण्यातली बोट जपायची म्हणजे ठराविक वर्षांनी गोदीत घेऊन बूड खरवडणं, पत्रे बदलणं हे आलंच. सातशे फुटी जहाजाला प्रत्येक वेळी तसली गोदी आणि तेवढा पैसा लागतो. जमिनीत कायमची बसवण्याचे बेत झाले होते, पण पैसे कोणी घालायचे यावर गाडी अडली. ग्रेट ब्रिटन तिच्या निम्म्याहूनही लहान, आणि तिची जन्माची गोदी रिकामी मिळाली. नशीब म्हणा.

---

पासाडेनाकर

आमच्याकडे लाँग बीचला 'क्वीन मेरी' आहे, १,०१९ फूट, १९६७ पासून. आत हॉटेल आहे. पाहुणे आले की हमखास दाखवायचं ठिकाण. पाण्यात ठेवलेल्या बोटीचा खर्च म्हणजे काय हे गावाला विचारा, दर काही वर्षांनी दुरुस्तीचे आकडे पेपरात येतात. ती आणली तेव्हाचा एक किस्सा सांगतात. धुराडी उतरवायला गेले तर ती ढासळलीच. पत्रा कधीच गंजून गेला होता, धुराडी उभी होती रंगाच्या थरांवर. आज दिसतात ती नवी.

---

गंजोबा

माझी निम्मी नोकरी त्या एका वाक्यात आली!

---

शिळाप्रेस

सुकाणू, लेख आवडला. पण एक पान तुमच्याकडून सुटलं, आणि मराठी माणसासाठी तेच महत्त्वाचं आहे.

१८५७ मधे ही बोट सरकारने सैन्य वाहून न्यायला भाड्याने घेतली. ऑक्टोबरात आयर्लंडमधल्या कॉर्कहून निघाली आणि डिसेंबरात पोचली. कुठे? मुंबईला. सुएझ कालवा व्हायला अजून बारा वर्षं होती, म्हणजे आफ्रिकेला पूर्ण वळसा. बोटीत घोडदळाच्या पलटणी होत्या, ८ वी हुसार्स आणि १७ वी लान्सर्स. दोन्ही क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाच्या त्या प्रसिद्ध आत्मघाती हल्ल्यातून वाचलेल्या. हुसार्सच्या पगार अधिकाऱ्याची बायको फॅनी डबर्ली हीसुद्धा याच बोटीने आली आणि पुढे पलटणीबरोबर घोड्यावरून राजपुताना, मध्य हिंदुस्थान फिरली.

आता पुढचं. १७ जून १८५८, ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय. ८ व्या हुसार्सची तुकडी चाल करून गेली. त्या चकमकीत घोडेस्वाराच्या वेशात लढणारी एक बाई पडली. झाशीची राणी लक्ष्मीबाई. (आपल्याकडे तारीख १८ जून धरतात.) त्या एका हल्ल्यासाठी हुसार्सच्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाले.

आणि १७ वी लान्सर्स पुढे तात्या टोप्यांच्या मागावर होती, जंगलं आणि नद्या तुडवत, महिनोन् महिने. तात्या मूळचे आपल्या येवल्याचे.

तेव्हा ब्रुनेलची बोट बघून भरून येऊ दे, माझी हरकत नाही. पण मुंबई बंदरात त्या डिसेंबरात ती नांगर टाकून उभी राहिली, तिच्यातून कोण उतरलं, हे ठाऊक असू दे.

---

तिखटमीठ

बाप रे. हे काहीच माहीत नव्हतं. काटा आला.

---

साधाभोळा

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

---

उंटावरचा

थोडं उलट बोलतो. बोटीचा काय दोष? त्याच बोटीने हजारो गरीब माणसं ऑस्ट्रेलियाला नेली. भाडं दिलं की ती कोणालाही नेणार. उद्या आगगाडीलाही दोष द्याल.

---

शिळाप्रेस

दोष दिलाय कुठे? मी फक्त प्रवाशांची यादी वाचून दाखवली.

---

सुकाणू

@शिळाप्रेस, दोन दिवस उत्तर लिहायला सुचलं नाही. मुंबईचं हे मला ठाऊक नव्हतं. आत तिसऱ्या वर्गाच्या खोल्या बघताना मी आईला म्हटलं होतं, "बघ, केवढ्याशा फळीवर दोन महिने काढायचे." फळ्या खरंच अरुंद आहेत, कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी अशा. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सोन्याच्या मागे निघालेली माणसं होती. आता त्याच बोटीत बूट काढून बसलेले शिपाई दिसायला लागलेत.

आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती झाशीवाल्या परिच्छेदापाशी "परत वाच" म्हणाली. परत वाचला. मग बराच वेळ काही बोलली नाही. शाळेत पाठ केलेलं काही आठवत असावी. शेवटी एवढंच म्हणाली, "आणि आपण तिकीट काढून आत गेलो."

पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. या वेळी खालून सुरुवात न करता वरून करीन.

---

आजीची गोधडी

इतकं सगळं थोर चाललंय त्यात माझं अवांतर. सुकाणू, आईंना सांगा, तिथे कुरडया घालू नका. नुसत्या कोरड्या वाऱ्यात वरून एकदम वाळतात आणि आतून ओल्या राहतात, मग तडकतात. ऊन हवं, आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी उलटायला हव्यात. पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

---

गंजोबा

+१. शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर. पृष्ठभाग आधी आक्रसतो आणि आतला भाग त्याला ताणतो.

---

सुकाणू

आईला सांगितलं. तिचा प्रश्न आहे, "मग ती बोट का नाही तडकली?"

---

गंजोबा

तडकलीय की. गाद्या कुठे कोंबल्या होत्या, विसरलात? खाली गेलात की उजव्या कुशीला बघा, ठिगळ मारलेलं दिसेल. आईंनाही दाखवा.